वहिनीची वेबसाइट

वहिनीने पहिली वेबसाइट केली तेव्हा तिच्यात एक बूट नाचत होता.

तपकिरी, नाड्या सुटलेला बूट. आधी टाच आपटायचा, मग चवडा, मग परत टाच. मागे पिवळाधमक रंग, त्यावर लालभडक अक्षरं आणि तळाशी आकड्यांची एक काळी पट्टी, आजवर किती जण येऊन गेले ते सांगणारी. त्या पट्टीवरचा आकडा कितीतरी दिवस एकटी वहिनीच वाढवत होती. कारण सगळं जागच्या जागी आहे ना, हे बघायला तीच सारखी पान उघडायची.

"कसं वाटलं, वन्सं?" तिने विचारलं.

वन्सं म्हणजे तिची नणंद. समोरच्या गल्लीत राहायची आणि छापखान्यात पुस्तकांची पानं लावायचं काम करायची. कुठेही गेली तरी पर्समध्ये स्टीलची मोजपट्टी असायची, म्हणून छापखान्यात तिला सगळे मोजपट्टीच म्हणत. पुढे घरीही तेच नाव पडलं. एक वहिनी तेवढी "वन्सं" म्हणायची, निम्मं आदराने आणि निम्मं चिडवायला.

मोजपट्टीने पडद्याकडे पाहिलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. बूट नाचतच होता.

"वहिनी, हे पान आहे की सर्कस?"

"सर्कशीला लोक येतात ना? मग झालं तर."

तिचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. मोजपट्टीचा दादा बूट बनवायचा, पण दुकानात रांगेने मांडलेले असतात तसले नाही. कुणाचा एक पाय आखूड, कुणाचं पाऊल आत वळलेलं, कुणाची अपघातात बोटं गेलेली, अशांना घालता येईल असा बूट. घराच्या खालच्या मजल्यावर त्याची कार्यशाळा होती. भिंतीवर लाकडी पावलं टांगलेली, एकासारखं दुसरं नाही. दादाच्या हाताला नाव ठेवायला जागा नव्हती. पण अशा पायांची माणसं एका गावात असून असून किती असणार? ती विखुरलेली. आणि त्यांतल्या बहुतेकांना आपल्यासाठी कुणी बूट करतं, हेच ठाऊक नसायचं. ती आपली जाड मोजे घालून, आत कागदाचे बोळे कोंबून दिवस काढायची.

वहिनी लग्नाआधी टेलिफोन ऑपरेटर होती. तारा जोडून या टोकाचा माणूस त्या टोकाला भेटवून द्यायचा, हा तिचा धंदा. पुढे यंत्रं आली आणि ते काम गेलं, पण खोड गेली नाही. इंटरनेट म्हणजे काय हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती दादाला म्हणाली होती, "अहो, ही तर मोठी टेलिफोनची खोलीच झाली की!"

दादाने मान हलवली होती. "बुटाला हात लावून बघावं लागतं. काचेमागचा बूट बघून कोण येणार?"

वहिनीने त्याच्याशी वाद घातला नाही. ती कामाला लागली.

शिकवायला कुणी नव्हतं. एखादं पान आवडलं की ती त्याच्या पोटात डोकवायची. तेव्हा माऊसचं बटण दाबलं की पानामागचा सगळा कोड उघडा पडायचा. ती तो वाचायची, एखादी ओळ काढून बघायची, काय मोडतं ते बघायची, परत घालायची. भाजी चिरता चिरता तोंडाने पुटपुटत असायची. इंटरनेट जोडताना मोडेम जो काही टाहो फोडायचा, त्याने दादाचं टाके घालताना लक्ष उडायचं. फोटो उघडायचा तो वरून खाली, पट्टी पट्टीने. आधी बुटाची नाडी, मग जीभ, मग चवडा. टाच दिसेपर्यंत वहिनीचा चहा पिऊन व्हायचा.

मोजपट्टीला हे सगळं खेळ वाटत होतं. मनाला येईल ते रंग, मनाला येईल ते अक्षर. तिच्या छापखान्यात समास एवढासा सरकला तरी पान परत लावावं लागे. पण एका रविवारी ती सहज डोकावली, तर वहिनी पडद्याला नाक लावून बसलेली.

"काय शोधतेयस?"

"काही नाही, रिकामी जागा लावतेय."

"रिकामी जागा लावतात?"

"बघा ना. हा फोटो आणि हा मजकूर, यांच्यात अंतर हवंय. पण ह्याला रिकामं ठेव म्हटलं की कळतच नाही, लगेच सगळं चिकटतं. म्हणून मी इथे एक चित्र ठेवलंय. टाचणीच्या टोकाएवढं, आरपार. दिसत नाही. त्याला ताणलं की जागा तयार होते. आणि अख्खं पान एका कोष्टकात बसवलंय, फक्त कोष्टकाच्या रेघा पुसून टाकल्यात."

मोजपट्टी खुर्ची ओढून बसली. उमेदवारीच्या काळात ती शिशाची अक्षरं जुळवायला शिकली होती. दोन शब्दांमध्ये, दोन ओळींमध्ये जागा सोडायची तर तिथे शिशाचा कोरा तुकडा घालावा लागे. अक्षरापेक्षा ठेंगणा, म्हणून कागदावर उमटत नसे, पण तो नसला तर सगळा साचा खळ्ळकन कोसळायचा. त्या तुकड्यांनी तिची नखं काळी झालेली असायची. आणि इथे वहिनीला कुणी न सांगता, न शिकवता तोच तुकडा सापडला होता. शिशाचा नव्हे, उजेडाचा.

"वहिनी," ती म्हणाली, "लाल रंग तेवढा काढ. बाकी तू जे करतेयस ना, ते खरं काम आहे."

लाल रंग गेला. बूट मात्र नाचत राहिला, आणि त्या नाचऱ्या बुटाला बघून पहिलं लांबचं गिऱ्हाईक आलं. एक सुतार होता, करवतीखाली चवडा गेलेला. बायकोचा हात धरून दारात उभा राहिला आणि दादाला म्हणाला, "तुमचा तो बूट बघून पोरं हसली. मी नाही हसलो. मी पत्ता लिहून घेतला."

त्या दिवसापासून दादाने मोडेमच्या आवाजाबद्दल तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

काही वर्षं गेली. जग बदललं, पडदे मोठे झाले, आणि नाचणारे बूट लोकांना पोरकट वाटायला लागले. दादाच्या एका मित्राचे दोन भाचे वेबसाइटच्या धंद्यात होते. मोठ्या हुशारीची मुलं. "काकू, आमच्यावर सोडा," म्हणाली आणि खरंच, त्यांनी जे काही केलं त्याला तोड नव्हती. पान उघडलं की सगळीकडे काळोख. मग उजेडाची एक तिरीप. त्या तिरिपेत दादाचा बूट हळूच वर यायचा, गोल फिरायचा, आणि फिरता फिरता त्याचा तळ, टाच, आतलं अस्तर, सगळे थर एकमेकांपासून सुटे होऊन हवेत तरंगायचे. मागे हातोडीचा हलका ठोका. मग सगळे थर परत जुळायचे आणि खाली अक्षरं उजळायची: आत या.

दादा बघतच राहिला. आयुष्यभर त्याने जे आत लपवलं होतं, जे कुणालाच कधी दिसणार नव्हतं, ते असं उलगडून दाखवलेलं. त्याचे डोळे भरून आले. मोजपट्टीच्याही अंगावर काटा आला. वहिनीने त्या दोन मुलांच्या पाठीवर थाप मारली आणि तोंडभरून कौतुक केलं.

आणि मग फोन यायचे कमी झाले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग दादा म्हणाला, सणासुदीत असतात लोक. मग म्हणाला, थंडी आहे. पण टेलिफोनवर बसलेल्या बाईला शांतता ऐकू येते. एक दिवस पेन्शनीत निघालेले एक पोस्टमन चौकशी करत करत कार्यशाळेत आले. त्यांचा एक पाय आखूड होता. इतक्या लांबून, पाहुण्यांच्या पाहुण्याला विचारून आले होते.

"फोन करून यायचं की," वहिनी म्हणाली. "वेबसाइटवर नंबर आहे आमचा."

"वेबसाइट बघितली ना. बूट फिरत होता. मी म्हटलं, फिरून झाला की बोलू. तो काही थांबेना. मग मीच उठलो."

"खाली 'आत या' लिहिलंय, काका. त्यावर बोट… माऊस ठेवायचा."

"अहो, मी म्हटलं, असेल लिहिलेलं दारावर. दार कुठंय ते कळायला नको का?"

दादा हसला. वहिनी हसली नाही. त्यांना चहा देऊन ती वर गेली आणि स्वतःचीच वेबसाइट अशी उघडली जशी त्या पोस्टमनकाकांनी उघडली असेल. चष्मा न लावता, धीम्या इंटरनेटवर, पाय ठणकत असताना. बराच वेळ काळोखच होता. मग तिरीप आली, अडखळली, थांबली.

दुसऱ्या दिवशी तिने ते स्वागत काढून टाकायचं ठरवलं. दादाने आकांत केला.

"इतकं सुंदर काम! कुणी कधी माझ्या कामाकडे असं बघितलं नव्हतं!"

"मला कळतंय," वहिनी म्हणाली. "पोरांच्या हातात जादू आहे. पण आपण ती उंबऱ्यावर करायला लावली. दुखऱ्या पायाचा माणूस उंबऱ्यावर उभा राहत नाही, अहो. त्याला आधी बसायला खुर्ची लागते."

ती जादू तिने फेकली नाही. आत, 'बूट कसा होतो' या पानावर ठेवली, ज्याला बघायची त्याने निवांत बघावी म्हणून. आणि पहिल्या पानावर पांढऱ्या जागेत एक फोटो, तीन वाक्यं आणि ठळक फोन नंबर. भाच्यांना तिने स्वतः बोलावून सगळं सांगितलं. मुलं रागावली नाहीत. धाकटा तर म्हणाला, "काकू, हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं." पुढे तो फार मोठ्या कामांवर गेला, पण नवीन काही आलं की वहिनीला आवर्जून फोन करून सांगायचा.

मोजपट्टीला त्या पांढऱ्या पानाचं जे अप्रूप वाटलं ते तिने बोलून दाखवलं नाही. पर्समधून मोजपट्टी काढली, पडद्याला लावली, समास मोजला आणि परत ठेवली. वहिनीला तेवढं पुरलं.

खरी वादावादी झाली ती मोबाइल आल्यावर.

कार्यशाळेसमोर बस थांबायची. वहिनी खिडकीतून बघायची, तर थांब्यावरचा प्रत्येक माणूस हातातल्या फोनवर दोन बोटांनी काहीतरी ताणतोय, सरकवतोय, परत ताणतोय. एकदा एक बाई तिथेच उभं राहून नेमकी त्यांचीच वेबसाइट उघडून, ताणून ताणून नंबर शोधताना दिसली. कार्यशाळा समोर, पाटी डोळ्यांपुढे आणि बाई फोनमध्ये. वहिनी धावत खाली गेली आणि तिला आत घेऊन आली. पण प्रत्येकासाठी धावत जाता येतं थोडंच?

"मला असं पान करायचंय," ती मोजपट्टीला म्हणाली, "जे मोठ्या पडद्यावर मोठं होईल आणि एवढ्याशा फोनवर एवढंसं."

"म्हणजे दोन पानं कर."

"नाही. एकच पान."

"वहिनी, काहीही काय! पानाला रुंदी असते. ती ठरली की ओळ ठरते, ओळ ठरली की समास ठरतो. रुंदीच नसेल तर ते पान कसलं? मग ते पान नाही, पाणी झालं; घाल की बादलीत."

"तेच तर म्हणतेय मी, वन्सं."

मोजपट्टी त्या दिवशी फणकारत घरी गेली. पानाला रुंदी नाही! पायाला माप नाही म्हणण्यासारखंच की हे. दादाला सांगून बघितलं, पण दादा म्हणाला, "तिच्या नादी लागू नकोस. ती म्हणते ते नंतर खरं होतं, आणि मग आपलं तोंड एवढंसं होतं."

थंडीचे दिवस सरले, खिडक्या उघड्या ठेवण्याचे दिवस आले, तेव्हा वहिनीने तिला बोलावणं धाडलं. कॉम्प्युटरवर पान उघडलेलं होतं. डावीकडून उजवीकडे तीन फोटो, प्रत्येकाखाली मजकूर, वर मथळा. नीटस, पण त्यात विशेष काय?

"आता कोपरा पकडा," वहिनी म्हणाली.

"कसला कोपरा?"

"या चौकटीचा. माऊसने पकडा आणि आत ढकला."

मोजपट्टीने ढकलला. चौकट अरुंद झाली. आणि पान मोडलं नाही. फोटो आपण होऊन आकसले. ओळी वळल्या. अजून ढकललं तशी तिसऱ्या फोटोला जागा पुरेना, तर तो शहाण्या पोरासारखा खाली जाऊन बसला. अजून ढकललं, दुसराही उतरला. आता तिन्ही एकाखाली एक, अक्षर तेवढंच मोठं, वाचायला तेवढंच सोपं, आणि फोन नंबर बोटाला लागेल असा मधोमध.

मोजपट्टीने कोपरा बाहेर ओढला. तिन्ही फोटो परत वर चढून शेजारी शेजारी बसले.

तिने परत आत ढकललं. परत बाहेर. तिचं तोंड उघडंच राहिलं होतं. पान जागेवर खिळवून ठेवण्यात जिचे हात झिजले, ती बाई लहान पोरीसारखी ते पान आकसवत होती, पसरवत होती, आणि प्रत्येक वेळी ते पान मोडायला नकार देत होतं.

"रुंदी नाहीये," ती शेवटी हळूच म्हणाली. "पण क्रम आहे."

"हां! क्रम. तोच शब्द मला सापडत नव्हता," वहिनी म्हणाली. "काय आधी, काय नंतर, कुणी कुणाचा हात सोडायचा नाही. एवढं सांगून ठेवायचं. बाकी ज्याची खोली जेवढी, तेवढ्यात ते राहतं."

त्यानंतर मोजपट्टीने वहिनीच्या कामात खोड काढणं सोडलं असं नाही. पण आता ती खोड काढायला रोज येऊ लागली. छापखान्यातून निवृत्त झाल्यावर तर तिची एक खुर्चीच ठरून गेली, कॉम्प्युटरच्या डाव्या बाजूला.

एका दुपारी त्या दोघी तिथे बसलेल्या असताना फोन वाजला. पलीकडून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"तुमची वेबसाइट बघता आली नाही मला."

"उघडली नाही का?" वहिनीने विचारलं.

"उघडली. पण मी बघू शकत नाही. मी जन्मापासून आंधळी आहे. माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो. तुमच्या पानावर आलं की म्हणतो, चित्र. चित्र. चित्र. बटण. चित्र. मी गाणं शिकवते हो, ताल मला कळतो, पण यातून बूट काही कळला नाही."

वहिनीचा चेहरा पडला. तिने बाईंचं नाव-गाव विचारलं, कुणाला त्रास होतो ते विचारलं. बाईंचाच एक पाय आखूड होता. भाऊ चौकशी करून देतो म्हणाला होता, पण त्यांना ते नको होतं. "पाय माझा आहे," त्या म्हणाल्या. "चौकशी मी करेन."

"मला थोडा वेळ द्या," वहिनी म्हणाली. "मी तुम्हाला फोन करते."

फोन ठेवल्यावर तिने गळ्यातला मफलर काढला आणि डोळ्यांवर बांधला.

"हे काय चाललंय?" मोजपट्टी म्हणाली.

"त्या जसं ऐकतात तसं ऐकायचंय. माझ्या फोनवर ती सोय चालू करा ना, वन्सं. मला आता दिसत नाहीये."

मोजपट्टीने शोधून शोधून ती सोय चालू केली. फोनमधून एक सपाट आवाज घडाघडा वाचू लागला. चित्र. चित्र. बटण. मथळ्याला मथळा म्हणायचा नाही, मजकुराला मजकूर. इतक्या वर्षांचं ते पाण्यासारखं पान, आणि कानाला मात्र रस्त्यात सांडलेल्या सामानासारखं. वहिनी मफलर बांधून ऐकत राहिली. मध्येच टेबलावरचा पेला धडकून पडला, तरी तिने मफलर सोडला नाही. खालून दादा वर आला, बायकोकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं, आणि पाणी पुसायला फडकं घेऊन आला.

"मी डोळ्यांनीच करत बसले सगळं," वहिनी शेवटी म्हणाली. "टेलिफोनवर बसणारी बाई मी. मला तरी कळायला हवं होतं."

"आता कळलं ना? मग ऊठ."

मोजपट्टीचा आवाज ऐकून वहिनीने मफलर वर सरकवला. नणंदेने खुर्ची टेबलाजवळ ओढली होती आणि बाह्या सारल्या होत्या.

"मथळा कुठला, पोटमथळा कुठला, हे त्या यंत्राला सांगता येतं?" तिने विचारलं.

"येतं. प्रत्येकाला तशी खूण करायची."

"आणि चित्रात काय आहे ते?"

"तेही. चित्राच्या पोटात एक ओळ लिहायची. दिसत नाही, पण वाचली जाते."

"मग खुणा तू कर. ओळी मी लिहिते. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लावली मी. एक तरी वाक्य माझं असू दे."

पहिल्या ओळी फसल्या. मोजपट्टीने लिहिलं होतं: 'सुंदर, डौलदार, तपकिरी बूट.' वहिनीने गाणंवाल्या बाईंना फोन करून ते ऐकायला लावलं, तर त्या खळखळून हसल्या.

"सुंदर आहे की नाही ते मी ठरवेन. आधी हे सांगा, उंचवटा कुठे आहे? बाहेरून हाताला लागतो का? लोकांना दिसतो का?"

मोजपट्टी खाली कार्यशाळेत गेली. तिथे बसून तिने डोळे मिटले आणि दादाचा एकेक बूट हातात घेतला. आजवर तिने ते हजारदा पाहिले होते, कधी चाचपले मात्र नव्हते. टाचेपाशी जाडी कशी हळूहळू चढत जाते, बाहेरचं चामडं ती कशी झाकून घेतं, अस्तराची शिवण कशी बोटाला लागतच नाही. दादा बाजूला बसून टाके घालत होता. "दादा," ती डोळे मिटूनच म्हणाली, "तू हे इतकं मऊ कसं करतोस रे?" असं कौतुक त्या घरात एरवी कुणी कुणाचं करत नसे. दादाने घसा खाकरला आणि सुई परत चामड्यात घातली.

मग तिने लिहिलं: 'घोट्यापर्यंतचा बूट. आतून टाच दोन बोटं उंच केली आहे. बाहेरून हात फिरवला तर दोन्ही बूट सारखेच लागतात. अस्तर मऊ आहे, आत शिवण टोचत नाही.'

असं एकेका चित्राला. वहिनीने पानातल्या प्रत्येक गोष्टीला तिचं खरं नाव दिलं. मथळ्याला मथळा, बटणाला ते काय करतं ते. बूट कसा होतो ते दाखवणाऱ्या भाच्यांच्या जादूलाही मोजपट्टीने आवाज दिला. काळोखातून वर येणाऱ्या बुटाचा एकेक थर तिने स्वतः सांगितला आणि तिच्या आवाजामागे हातोडीचा ठोका तसाच ठेवला. काम करता करता दोघी भांडल्याही. एका स्वल्पविरामावरून तर अबोला धरला, तो संध्याकाळच्या चहाला सुटला.

यात एक गंमत झाली. डोळसांसाठीही पान सुधारलं. कारण ऐकायला सरळ करायचं म्हणून जे अडगळीचं होतं ते सगळं गळून पडलं होतं. दादा बघून म्हणाला, "काय काढलंस गं? स्वच्छ वाटतंय." वहिनी म्हणाली, "काही नाही, फक्त झाडू मारला."

गाणंवाल्या बाईंनी या वेळी फोन केला नाही. त्यांची मागणी वेबसाइटवरूनच आली, त्यांनी स्वतः भरलेली. पायाचा फरक, कुठे दुखतं, रोज किती उभं राहावं लागतं, सगळं. आणि शेवटी लिहिलं होतं: 'रंग तुम्ही निवडा, फक्त लोकांना आवडेल असा नको, तुम्हाला आवडेल असा असू द्या.' वहिनीने ते अर्धं वाचून दाखवलं आणि पडदा मोजपट्टीकडे वळवला. पुढचं मोजपट्टीने वाचलं.

बूट तयार झाले तेव्हा बाई एकट्याच आल्या, काठी टेकत. दादाने बूट हातात दिले. त्यांनी बोटं आधी टाचेवर नेली, मग बाहेरून, मग आत अस्तरावर. बूट घालून उभ्या राहिल्या आणि कार्यशाळेच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालल्या. मग वळून परत. फरशीवर पावलांचा आवाज येत होता आणि त्या मान किंचित कलती करून तो ऐकत होत्या.

"सम आली," त्या म्हणाल्या. "लहानपणापासून माझं एक पाऊल उशिरा पडतं. आज दोन्ही वेळेवर पडली."

दादा कामाच्या टेबलाकडे तोंड करून उगाच हत्यारं नीट लावत बसला.

जाता जाता बाईंनी विचारलं, "ती वर्णनं कुणी लिहिली? मला माझ्या गाण्याच्या वर्गासाठी असं पान हवंय. माझ्याकडे बरीचशी मुलं न दिसणारी आहेत."

"या आमच्या वन्सं," वहिनी म्हणाली. "त्या करून देतील."

"मी?" मोजपट्टी उडालीच. "अगं, मी फक्त ओळी लिहिल्या. ते कोष्टक, ते कोड, मला कुठे येतंय!"

"मला तरी कुठे येत होतं? आणि कोष्टकं कधीच गेली हो, वन्सं. आता फार सोपं झालंय."

सोपं नव्हतं. मोजपट्टीने डोकं धरलं, चिडली, कंटाळली, दोनदा सोडून दिलं. एकदा तर कोडमध्ये उघडलेली एक खूण बंद करायची राहिली आणि अख्खं पान तिरकं झालं, तेव्हा तिने वहिनीला हातातल्या कामातून हाक मारून वर बोलावलं. वहिनीने बघितलं, ओठ दाबून हसू आवरलं, आणि तेवढ्या एका ठिकाणी बोट ठेवून परत खाली गेली. बाकीचं मोजपट्टीनेच केलं. तिला एक गोष्ट मात्र भलतीच आवडायला लागली होती. छापलेल्या पुस्तकात चूक राहिली की ती जन्मभर बोचायची. इथे चूक सापडली की दुरुस्त करायची, आणि पान परत नवं.

तिने केलेल्या पानावर एकही चित्र नव्हतं. वर वर्गाचं नाव, खाली बाईंनी गायलेल्या तुकड्यांची यादी, आणि प्रत्येकाआधी एक छोटं वाक्य, आता काय ऐकू येणार आहे ते सांगणारं. बाईंनी फोनवरच ते सगळं ऐकलं. मोजपट्टी कान लावून बसली होती, निकाल लागायच्या वेळी बसावं तशी.

"छान आहे," बाई म्हणाल्या. "पण तुम्ही सगळ्यात आधी माझी माहिती ठेवलीत. कुठे शिकले, किती वर्षं शिकवते. नवं मूल येईल ते ऐकून पळून जाईल. आधी गाणं येऊ दे."

"बरोबर आहे तुमचं," मोजपट्टी म्हणाली.

तिने तिथल्या तिथे दोन भाग वरखाली केले. मग डोळे मिटून पान पुन्हा सुरुवातीपासून लावलं. सपाट आवाजाने वर्गाचं नाव वाचलं, आणि लगेच बाईंचा सूर खोलीत भरला. खालून वहिनीने चहासाठी हाक मारली.

"वहिनी, चहा राहू दे," मोजपट्टीने वरूनच ओरडून सांगितलं. "तूच वर ये. लवकर ये, आणि येताना मफलर घेऊन ये!"